पाणी, संकल्प आणि पेत्राची गादी

माझ्या आजीच्या तरुणपणी आमच्या वसईकडच्या गावात एक सुईण होती. ती ख्रिस्ती नव्हती. बाळ अर्धमेले जन्माला आले, रडेना, ओठ निळे पडू लागले आणि पाद्रीला बोलावण्याइतका वेळ नसला, की ती तांब्यातले पाणी बाळाच्या कपाळावर तीनदा ओतायची आणि पाद्रीने तिच्याकडून घोटून घेतलेले एक वाक्य म्हणायची. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावे त्यात यायची. ‘पाणी वाहिलं पायजे, नुसतं बोट ओलं करून चालत नाय,’ असे ती आजीला बजावून सांगे. बाळ गेले, तर ते स्नानसंस्कार झालेले म्हणून गेले. चर्चच्या आवारात त्याला माती मिळाली. जगले, तर पुढे चर्चमध्ये उरलेले विधी व्हायचे. पाणी मात्र पुन्हा ओतले जात नसे. ते एकदाच.

यात गावठी असे काही नव्हते. अगदी काटेकोर कॅथलिक नियम आहे तो. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने १४३९ मध्ये आर्मेनियन लोकांसाठी काढलेल्या फर्मानात स्पष्ट म्हटले, की अडचणीच्या वेळी पुरुष, बाई, इतकेच काय, परधर्मीय माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतो. चर्चला जे करायचे आहे तेच करण्याचा हेतू त्याच्या मनात हवा, एवढेच. आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेतही हेच आहे. शाळकरी वयात मी आजीला विचारले होते, की मग त्या सुईणीचे काय झाले? शंभर लेकरांना तिने दारातून आत सोडले, ती स्वतः बाहेरच राहिली का? आजीने तांदूळ निवडता निवडता वर पाहिले आणि पुन्हा सुपात मान घातली.

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघाले आहे. त्या बाईच्या आत्म्याचा निवाडा मात्र यात सापडणार नाही. या प्रश्नावर कॅथलिक चर्चमध्ये अठराशे वर्षे काय काय बोलले गेले, कोणी कोणाला गप्प केले, आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या बोस्टन शहरात या एका मुद्द्यावरून केवढे रणकंदन झाले, त्याची ही हकिकत आहे. ती लिहिता लिहिता माझी एक खात्री झाली. ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ या नावाने चाललेले हे भांडण वरवर पाण्याचे दिसते, खरे भांडण वाचनाचे आहे. जुन्या वाक्याचा अर्थ कोणी सांगायचा? वाक्य ज्याने लिहिले त्याने, ते वाचणाऱ्याने, की आज गादीवर जो बसला आहे त्याने?

आधी शब्दाचे पाहू, कारण मराठीत तो नीट उतरलेला नाही. आपण ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ म्हणतो. इच्छा काय, चहाचीही होते. लॅटिनमध्ये शब्द आहे ‘वोतुम’. त्यात नवस आहे, व्रत आहे, आणि पूजेला बसण्याआधी हातात पाणी घेऊन आपण जो संकल्प सोडतो, तोही आहे. संकल्प सोडला म्हणजे पूजा झाली नाही. पण यजमान आता मोकळाही राहिला नाही. बाप्तिस्मा घ्यायचा ठरवून जो तयारीला लागला आणि वाटेतच गेला, त्याचा संकल्प देवाने पुरा मानला का, असा मूळ प्रश्न आहे. ‘बरे वाटले असते’ इतपत इच्छेचा तो प्रश्न नाही. हा फरक डोक्यात ठेवला, तर पुढच्या पानांतली निम्मी भांडणे आपोआप निवळतात. तरी या पुस्तकात मी ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ हाच रूढ शब्द ठेवला आहे. नवा शब्द घडवून वाचकाला आणखी एका वादात कशाला ओढायचे?

मूळ वचन योहानच्या शुभवर्तमानात आहे. निकदेम नावाचा एक विद्वान रात्री येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो, की पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याखेरीज देवाच्या राज्यात कोणाला प्रवेश नाही. अपवाद सांगितलेला नाही. पण अगदी सुरुवातीच्या शतकांतच एक अपवाद समोर येऊन उभा राहिला. तो म्हणजे बाप्तिस्म्याच्या तयारीत असलेला, पण त्याआधीच धरपकडीत सापडून ख्रिस्तासाठी मारला गेलेला माणूस. त्याचे रक्त हेच त्याचे पाणी, असे सर्वांनी मानले. याला रक्ताचा बाप्तिस्मा म्हणतात, आणि त्यावर फारसे कोणी भांडले नाही.

‘चर्चबाहेर तारण नाही’ हे जे वाक्य पुढे फलकांवर आणि थडग्यावर चढले, ते कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या एका पत्रातले, इ. स. २५६ च्या सुमाराचे. पत्राचा संदर्भ मोठा गमतीचा आहे. पाखंडी पंथात ज्याचा बाप्तिस्मा झाला, तो चर्चमध्ये आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? सिप्रियन म्हणत, द्यायचा. बाहेरचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. रोमचे पोप स्टीफन म्हणाले, पुन्हा द्यायचा नाही. रोमची परंपरा तशी नाही. सिप्रियन हटले नाहीत. चर्चने पुढे स्टीफन यांचे म्हणणे कायम केले, आणि आजीच्या गावातल्या सुईणीचे पाणी चालले ते त्याच निर्णयाच्या जोरावर. म्हणजे हे वाक्य जन्मले तेच पोपशी वाद घालताना. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी या वाक्याचे कट्टर भक्त सहसा उद्धृत करीत नाहीत. पाखंडातून आलेले जे लोक पूर्वी बाप्तिस्म्याविना चर्चमध्ये घेतले गेले आणि तसेच वारले, त्यांचे काय, या शंकेवर सिप्रियन देवाच्या दयेकडे बोट दाखवतात. दोघेही, स्टीफन आणि सिप्रियन, आज संत आहेत.

इच्छेच्या बाप्तिस्म्याचा पहिला मोठा दाखला मात्र कोणा शास्त्र्याच्या ग्रंथातला नाही. तो मृत्यूनंतरच्या प्रवचनातला आहे. इ. स. ३९२. रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागाचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉलमधल्या व्हिएन येथे गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. आत्महत्या की सेनापतीने केलेला खून, हे कधी उलगडले नाही. तो एकवीस वर्षांचा होता. बाप्तिस्मा झालेला नव्हता. मिलानचे बिशप अँब्रोझ यांच्या हातून तो घ्यायची त्याची मनापासून इच्छा होती, त्यांना निरोपही गेला होता. अँब्रोझ निघाले, पण वेळेत पोचले नाहीत. देह मिलानला आला. समोर त्याच्या बहिणी बसलेल्या, आणि भावाचा बाप्तिस्मा झाला नाही याचे दुःख त्यांना मरणाइतकेच. अँब्रोझ त्यांना सांगतात, की जे त्याने मागितले ते त्याला मिळाले आहे. हुतात्म्यांना रक्त धुऊन काढते, तर याला याची भक्ती आणि याची इच्छा धुऊन काढील. हे प्रवचन मी प्रथम वाचले तेव्हा युक्तिवाद म्हणून वाचले होते. नंतर घरात एक अकाली मृत्यू झाला, तेव्हा ते पुन्हा काढले. बहिणींकडे पाहून बोलणारा बिशप तेव्हा कुठे दिसला.

यावर आक्षेप घेणारे लगेच म्हणतात, की सांत्वनाच्या भाषणातून सिद्धान्त काढायचा नसतो. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पूर्वेकडचे ग्रेगरी नाझियान्झस अँब्रोझच्याच काळातले, आणि त्यांना ही कल्पना मान्य नव्हती. नुसत्या इच्छेवर बाप्तिस्म्याचे फळ मिळत असेल, तर नुसत्या इच्छेवर तुम्ही गौरवही गाठाल का, असा त्यांचा सूर. ऑगस्टिन यांनी क्रूसावरच्या चोराचा दाखला देऊन इच्छेच्या बाजूने लिहिले, आणि उतारवयात स्वतःचेच ग्रंथ तपासायला बसले तेव्हा त्या चोराचा बाप्तिस्मा झालाच नव्हता कशावरून, अशी शंका काढून तो दाखला ढिला केला. म्हणजे सुरुवातीपासून सगळे एकमुखी होते, असे नाही. पण बाराव्या शतकात क्लेर्व्होचे बर्नार्ड अँब्रोझ आणि ऑगस्टिन यांच्या बाजूला उभे राहिले, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी विषय पद्धतशीर मांडला, आणि पश्चिमेकडे प्रश्न बहुतेक मिटला.

मिटला म्हणतानाही एक गाठ राहते, आणि मला ती या सबंध इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. १२०६ मध्ये मेत्सच्या बिशपने पोप तिसरे इनोसंट यांना एक प्रकरण कळवले. मरणाच्या दारात असलेला एक यहुदी, भोवती सगळे यहुदीच, बाप्तिस्मा द्यायला कोणी नाही. त्याने स्वतःच स्वतःला पाण्यात बुडवून बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. आता तो जिवंत आहे, ख्रिस्ती म्हणून राहतो आहे. तो बाप्तिस्मा धरायचा का? इनोसंट यांचे उत्तर दोन भागांत आहे. नाही, देणारा आणि घेणारा वेगळे लागतात, त्याला रीतसर बाप्तिस्मा द्या. पण तो त्याच वेळी मेला असता, तर संस्कार नव्हे तरी संस्कारावरची श्रद्धा त्याला थेट स्वर्गात घेऊन गेली असती. आणि हेच इनोसंट नऊ वर्षांनी, १२१५ च्या लॅटरन धर्मसभेत, चर्चबाहेर कोणाचेही तारण नाही हे सभेच्या पहिल्याच कलमात घालतात. एकाच माणसाच्या हातची ही दोन कागदपत्रे. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. आपल्याला दिसत असेल, तर आपण त्यांच्या शब्दात आपला अर्थ भरतो आहोत, अशी निदान शंका तरी यायला हवी.

पुढची दोन वाक्ये मात्र खडी आहेत आणि ती मऊ करायचा प्रयत्न या पुस्तकात केलेला नाही. १३०२ मध्ये आठवे बोनिफेस फ्रान्सच्या राजाशी भांडताना लिहितात, की रोमच्या पोपच्या अधीन असणे प्रत्येक माणसाला तारणासाठी आवश्यक आहे. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सची धर्मसभा इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांशी ऐक्य करताना सांगते, की मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटीर, जे कोणी मरणापूर्वी चर्चमध्ये येणार नाहीत, ते अनंत अग्नीत जातील. ख्रिस्तासाठी रक्त सांडले तरी. ही वाक्ये लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचे जग लहान होते. सुवार्ता सगळीकडे पोचली आहे, उरले ते नाकारणारे, असा त्यांचा समज. पन्नास वर्षांत कोलंबस निघाला आणि तो समज कोसळला. येशूचे नावही न ऐकलेल्या लोकांनी भरलेली खंडे समोर आली. १५३९ मध्ये सालामांकाचे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया विद्यार्थ्यांना शिकवू लागले, की ज्यांनी ऐकलेच नाही त्यांच्यावर अश्रद्धेचे पाप लादता येत नाही.

याच काळात या प्रश्नाने आपला किनाराही गाठला. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. तिथून पुढे जपानला गेले. परत आल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून त्यांनी युरोपातल्या सहकाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात जपानी ख्रिस्ती लोक त्यांना आपल्या मेलेल्या आईबापांविषयी विचारतात, त्यांना आता काही करता येईल का म्हणतात, आणि ‘नाही’ ऐकून रडतात. झेवियर लिहितात, की ते रडणे पाहून आपल्यालाही वाईट वाटते. जुन्या गोव्यात झेवियर यांच्या शवदर्शनाला दर दहा वर्षांनी लाखो लोक जातात, त्यांत आमच्या वसईचे असतात तसे हिंदूही असतात. त्या रांगेत उभे असताना हे पत्र आठवणारा एखादाच.

ट्रेंटची धर्मसभा तेव्हा युरोपात चालूच होती. तिने जानेवारी १५४७ मध्ये माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयी जे प्रकरण मंजूर केले, त्यात एक उपवाक्य आहे: हे स्थित्यंतर पुनर्जन्माच्या स्नानावाचून ‘आउत एयुस वोतो’, म्हणजे अथवा त्याच्या संकल्पावाचून, होऊ शकत नाही. तीन शब्द. चारशे वर्षांनी बोस्टनला जे घडले, त्याचा अर्धा दारूगोळा या तीन शब्दांत होता. इच्छेच्या बाप्तिस्म्याचे विरोधक म्हणतात, की इथे ‘अथवा’ म्हणजे दोन्ही हवे. नवऱ्याशिवाय किंवा नवरीशिवाय लग्न लागत नाही, म्हणून एकट्या नवरीशी लग्न लागते का? युक्तिवाद चतुर आहे. फक्त ट्रेंटनंतर साडेतीनशे वर्षे कॅथलिक शास्त्र्यांनी तो अर्थ घेतला नाही. आल्फोन्सस लिगोरी यांनी उलट ट्रेंटच्याच जोरावर इच्छेचा बाप्तिस्मा हा श्रद्धेचा भाग ठरवला, आणि रोमने १८७१ मध्ये आल्फोन्ससना चर्चचे आचार्यपद दिले. १९१७ च्या धर्मनियमसंहितेत तर बाप्तिस्मा ‘प्रत्यक्ष किंवा निदान संकल्पाने’ तारणाला आवश्यक, अशीच शब्दयोजना आहे, आणि स्वतःचा दोष नसताना बाप्तिस्म्याआधी मेलेल्या दीक्षार्थीला दफनासाठी बाप्तिस्मा झालेल्यांत धरावे, असे कलम आहे. व्याकरणाला एवढ्या साक्षीदारांसमोर एकट्याने उभे करणे कठीण.

आता बोस्टन. या पुस्तकातली सर्वांत लांब तीन प्रकरणे इथली आहेत.

लेनर्ड फीनी यांचा जन्म १८९७ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचा. ते येशूसंघाचे धर्मगुरू, आणि लेखक. निबंध, कविता, हसतखेळत लिहिलेला गद्यसंग्रह, ‘अमेरिका’ या येशूसंघी साप्ताहिकाचे साहित्य संपादक. गोड बोलणारा, नकला करणारा माणूस. १९४० मध्ये कॅथरिन क्लार्क या गृहिणीने हार्वर्ड विद्यापीठाजवळ, सेंट पॉल चर्चच्या समोर, कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी ‘सेंट बेनेडिक्ट सेंटर’ उघडले. जागा पूर्वी फर्निचरच्या दुकानाची. ते सुरू करणाऱ्यांत एव्हरी डलस नावाचा तरुण होता. तो पुढे येशूसंघी झाला आणि २००१ मध्ये कार्डिनल. फीनी तिथे शिकवायला आले आणि गुरुवारच्या संध्याकाळी खोली भरून वाहू लागली. युद्धावरून परतलेली मुले, हार्वर्डच्या सौम्य संशयवादाला कंटाळलेली मुले. बरेच जण कॅथलिक झाले, काही जण धर्मगुरू व्हायला गेले.

मग सूर बदलला. हिरोशिमानंतर या मंडळींना वाटू लागले, की अमेरिकन कॅथलिक समाज प्रतिष्ठेच्या मोहात आपला सिद्धान्तच विकून बसला आहे, आणि रोगाचे मूळ एकच, ‘चर्चबाहेर तारण नाही’ म्हणायची लाज. फीनी ते अपवादाविना म्हणू लागले. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या रॉबर्ट केनेडींनी त्यांचे बोलणे ऐकले आणि ते भडकले. बोस्टनचे आर्चबिशप रिचर्ड कुशिंग हे दक्षिण बोस्टनच्या आयरिश कामगार घरातले. सगळ्या धर्मांच्या लोकांत मिसळणारे. त्यांची सख्खी बहीण एका यहुदी माणसाला दिलेली होती. रविवारच्या जेवणाला समोर बसणाऱ्या मेहुण्याविषयी आपलाच एक धर्मगुरू चौकात काय सांगतो आहे, हे त्यांना कसे वाटले असेल, याचा तर्क वाचकाने करावा.

एप्रिल १९४९ मध्ये बॉम्ब फुटला. बोस्टन कॉलेज आणि त्याच्या शाळेतल्या चार शिक्षकांना, कॉलेज पाखंड शिकवते असा आरोप केल्याबद्दल, कामावरून काढले. लगेच आलेल्या गुड फ्रायडेला सेंटरची मुले फलक घेऊन बोस्टनच्या चर्चांसमोर उभी राहिली. तीन दिवसांनी कुशिंग यांनी फीनी यांचे धार्मिक अधिकार काढून घेतले आणि सेंटरमध्ये जायला कॅथलिकांना बंदी केली. ८ ऑगस्टला रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे सिद्धान्तांची राखण करणाऱ्या कचेरीने, कुशिंग यांना पत्र लिहिले. ऑक्टोबरमध्ये येशूसंघाने फीनी यांना काढून टाकले.

त्या पत्राचे संपूर्ण भाषांतर पुस्तकाच्या शेवटी दिले आहे. ते आधी वाचले तरी चालेल. त्यात ‘चर्चबाहेर तारण नाही’ हा सिद्धान्त सोडलेला नाही, उलट तो अचूक आहे असेच म्हटले आहे. पण तो चर्च ज्या अर्थाने समजते त्याच अर्थाने समजायला हवा. येशूने आपल्या ठेव्याचा अर्थ लावायचे काम प्रत्येकाच्या खासगी मताकडे नव्हे, चर्चच्या शिकवणाऱ्या अधिकाराकडे सोपवले आहे. मग पत्र सांगते, की तारणासाठी चर्चचा प्रत्यक्ष सभासद असणे नेहमीच लागते असे नाही, संकल्पाने जोडलेले असणे पुरते. आणि नकळत, अज्ञानात असलेल्या माणसाच्या बाबतीत हा संकल्प न उच्चारलेलाही असू शकतो, देवाच्या इच्छेप्रमाणे वागण्याच्या त्याच्या मनोमन तयारीत दडलेला. तिथे लगोलग लगामही आहे: कसलीही इच्छा नव्हे, तिच्यात परिपूर्ण प्रीती आणि देवाने दिलेली श्रद्धा हवी. सगळे धर्म सारखेच, असे म्हणणाऱ्यांना हे पत्र कामाचे नाही. गावातल्या सुईणीचा प्रश्न चर्चच्या दफ्तरात सर्वांत जवळून कुठे हाताळला गेला असेल, तर तो या परिच्छेदात.

इथे रोमचीही चूक सांगितली पाहिजे. एवढे महत्त्वाचे पत्र. त्याचा पूर्ण मजकूर प्रसिद्ध व्हायला तीन वर्षे लागली, आणि व्हॅटिकनच्या अधिकृत राजपत्रात तो आलाच नाही. फीनींचे लोक आजही यावर बोट ठेवतात. १९५२ च्या शरदात फीनींना रोमला हजर व्हा असे बोलावणे गेले. त्यांनी आरोप काय ते लेखी विचारले. उत्तर, आधी या. ते गेले नाहीत. तीन बोलावण्यांनंतर १३ फेब्रुवारी १९५३ रोजी त्यांना चर्चमधून बहिष्कृत केले. राजपत्रात हे फर्मान मात्र छापले गेले. आणि बहिष्काराचे कारण पाखंड नव्हते. कारण होते गंभीर आज्ञाभंग. चर्च आपल्या लेकाला बाहेर काढते तेव्हा आरोपपत्र हातात द्यायला काय हरकत होती, हा प्रश्न मला रोमच्या बाजूने असूनही पडतो.

पण फीनींना हुतात्मा करणाऱ्यांनी पुढचेही वाचावे. दर रविवारी दुपारी बोस्टन कॉमन या मैदानावर काळ्या कपड्यांतले अनुयायी, मध्ये फीनी, भोवती हुर्यो करणारी गर्दी आणि पोलीस. त्यांच्या तोंडी यहुद्यांविषयी जे आले आणि १९५० च्या दशकात सेंटरच्या ‘द पॉइंट’ या पत्रकात जे छापले गेले, तो उघड द्वेष होता. लक्षावधी यहुद्यांची राख अजून निवालीही नव्हती. समूहातली विवाहित जोडपी वेगळी राहू लागली, त्यांची मुले आईबापांपासून तोडून सामुदायिकपणे वाढवली गेली. १९५८ मध्ये सगळे स्टिल रिव्हर या खेड्यातल्या शेतावर गेले. आत्म्यांच्या तारणाची एवढी कळकळ असणाऱ्यांना स्वतःची पोरे दिसेनाशी झाली, हे मी सैद्धान्तिक मुद्दा म्हणून मांडत नाही. पण ते सोडूनही देता येत नाही.

१९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने चर्चविषयीच्या संविधानात बोस्टनच्या पत्राचा हवाला तळटीपेत दिला, आणि राजपत्राबाहेर राहिलेला तो कागद असा मागच्या दाराने धर्मसभेच्या दस्तात येऊन बसला. १९७२ मध्ये, सहावे पॉल पोप असताना, म्हाताऱ्या फीनींवरचा बहिष्कार उठवला गेला. त्यांना काही मागे घ्यायला लावले नाही. श्रद्धांगीकार म्हणायला सांगितला. तो अथनासियसच्या नावावर असलेला निघाला, ज्याची सुरुवातच तारण हवे असेल त्याने कॅथलिक श्रद्धा धरली पाहिजे, या आशयाची आहे. १९७८ मध्ये ते वारले. थडग्याच्या दगडावर ‘चर्चबाहेर तारण नाही’ हेच लॅटिन शब्द आहेत.

माझ्या मते या सबंध वादाची किल्ली १८७० या एका वर्षात आहे. पहिल्या व्हॅटिकन धर्मसभेने एप्रिलमध्ये सांगितले, की चर्चने एकदा जाहीर केलेल्या सिद्धान्ताचा तोच अर्थ कायम धरला पाहिजे; अधिक खोल समजुतीच्या नावाखाली त्यापासून सरकायचे नाही. जुलैत तिनेच पोपचा सर्वोच्च अधिकार आणि विशिष्ट अटींवर त्याची अचूकता जाहीर केली. फीनींचे वारस एप्रिलचा कागद हातात धरून जुलैच्या कागदाशी भांडतात. बोनिफेस यांच्या वाक्याने पोपच्या अधीन व्हा म्हणायचे, आणि बोस्टनच्या पत्राच्या वेळचे पोप बारावे पायस यांनी त्या वाक्याचा अर्थ सांगितला की पायस चुकले म्हणायचे. ज्या फांदीवर बसायचे तिच्यावरच कुऱ्हाड. १९५० मध्ये बारावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात दोन्ही बाजूंना कानपिचक्या दिल्या: चर्चची आवश्यकता पोकळ सूत्र करून टाकणाऱ्यांना एकीकडे, आणि श्रद्धेच्या ठेव्याचा अर्थ शिकवणाऱ्या अधिकाराखेरीज दुसऱ्या कोणाकडे सोपवलेला नाही, अशी आठवण दुसरीकडे. पहिली ओळ फीनींचे लोक उद्धृत करतात, दुसरी त्यांचे विरोधक. परिपत्रक एकच.

काही जण आणखी पुढे गेले. १९५८ मध्ये बारावे पायस वारले तेव्हापासून पेत्राची गादी रिकामीच आहे, नंतरचे सगळे पोप तोतये, असे मानणारे गट आहेत. त्यांच्यातही इच्छेच्या बाप्तिस्म्यावरून दोन तट आहेत, आणि जे तो पाखंड ठरवतात त्यांची पंचाईत पाहण्यासारखी आहे. बोस्टनचे पत्र पायस यांच्याच कारकिर्दीतले. १९१७ ची संहिता त्याआधीची. लिगोरी, अक्वायनस, तिसरे इनोसंट, सगळे एकेक करून पाखंडी ठरवत गेले, की गादी रिकामी झाल्याची तारीख मागे मागे सरकत राहते. शेवटी ती रिकामी नसल्याचा एखादा दिवस शोधावा लागेल. गंमत म्हणजे जुन्या लॅटिन मिस्सासाठी रोमशी भांडलेले आणि १९८८ मध्ये बहिष्कृत झालेले आर्चबिशप मार्सेल लफेव्हर या प्रश्नावर ठामपणे इच्छेच्या बाप्तिस्म्याच्या बाजूने होते. फीनींच्या परंपरेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या एका समूहावर तिथल्या बिशपांनी २०१९ मध्ये निर्बंध घातले. वाद संपलेला नाही.

तरी फीनी पूर्ण चुकले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी एक पोकळ आवाज ऐकला होता, आणि तो खरा होता. आमच्या लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला, की शिक्षिका ‘देव दयाळू आहे’ म्हणून पान उलटायची. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात उत्तर यापेक्षा बरेच नेमके आहे: देवाने तारण बाप्तिस्म्याला बांधून दिले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. पण ते वर्गात पोचायला कोणी तरी वाचायला हवे.

या पुस्तकात बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांचा प्रश्न आणि लिंबोची कल्पना यांना एकच छोटे प्रकरण दिले आहे. २००७ मध्ये रोमच्या धर्मशास्त्र आयोगाने त्यावर सविस्तर लिहिले आहे आणि त्याला वेगळे पुस्तक लागेल. लॅटिन उतारे मी मूळ वाक्यरचनेच्या जवळ ठेवून भाषांतरित केले आहेत. कुठे कुठे मराठी त्यामुळे अवघडली आहे. ज्यांना धर्मशास्त्राची सवय नाही त्यांनी सिप्रियनपासून सुरू न करता चौथ्या प्रकरणापासून, मिलानच्या त्या दोन बहिणींपासून वाचायला घ्यावे. ट्रेंटचे प्रकरण पहिल्या वाचनात सोडले तरी पुढे काही अडणार नाही.